जखम सुकली, पापणी राहिली

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर कळंबचं शिवार ऊस पिकवतं. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी या माळावर साखर कारखाना उभा केला आणि शेजारी वालचंदनगर वसलं. ऊस आला की आग, वाफ आणि उकळता रस ओघानेच येतो. गुऱ्हाळाची काहील, कारखान्यातल्या वाफेच्या नळ्या, तोडणीनंतर पेटवलेलं पाचट. शिवाय घरोघरची चूल आणि शेगडी आहेतच. हात भाजला तर बाहीत झाकता येतो. चेहऱ्याला ती सोय नाही.

पुढे बोलणारे दोघं मी रचलेले आहेत, त्यांचा वाद मात्र रचलेला नाही. भाजलेल्या माणसाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकांमध्ये तो आजही होतो. मामा जन्मभर गुऱ्हाळावर गुळव्या होते. भाची पुण्यात जळीत विभागात सिस्टर आहे. दोघांच्या मध्ये विशीतला एक पोरगा बसलाय. सव्वा महिन्यापूर्वी काहिलीतला पाक त्याच्या उजव्या गालावर आणि डोळ्याखाली उडाला होता.

मामा : बघ, नीट बघून घे. कुठं हाय जखम? बारा दिसांत गाल सुकला. वैदूचा लेप लावला, वरनं तूप. दवाखान्यात टाकला असता तर महिनाभर पट्ट्या बांधून पैसं उकळलं असतं.

भाची : गाल चांगला सुकलाय मामा, ते मी नाकारत नाही. पण तो लेपाने सुकला असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. चेहऱ्याला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. कातडीत केसांची मुळं दाट असतात आणि वरचा थर जळला की नवी कातडी त्या मुळांतूनच उगवते. वरवरची भाजणूक असेल तर चेहरा आठ-दहा दिवसांत आपला आपण भरून येतो. शेण लावलं असतं तरी भरला असता, नाहीतर पिकला असता.

मामा : म्हंजे वैदूला काहीच येत न्हाई?

भाची : वैदूकडे जाणाऱ्यांतले बरेच जण वरवर भाजलेले असतात. ते बरे होतात, गावभर सांगतात. खोल भाजलेले बरे होत नाहीत, ते शेवटी आमच्याकडे येतात आणि त्यातले काही दगावतात. म्हणून गावात लेपाचं नाव होतं आणि दवाखान्याची भीती बसते.

इथे मला भाचीची बाजू घ्यावीशी वाटते, पण तिने जरा घाई केली. वैदूवरचा विश्वास म्हणजे नुसता अडाणीपणा नव्हे. आपल्यासमोर चार माणसं बरी झालेली पाहिली की कुणाचाही विश्वास बसेल. अडचण अशी की पहिल्या दिवशी वरवरची आणि खोल भाजणूक ओळखणं अनुभवी डॉक्टरलाही जड जातं. जखमेची खोली दोन-तीन दिवस बदलत राहते. लाल, ओली, दुखणारी आणि दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल होणारी जखम बहुधा भरून येते. पांढुरकी, चामड्यासारखी आणि टोचलं तरी न दुखणारी जखम खोल असते. लोक फसतात ते इथेच, कारण दुखत नाही ती जखम साधी वाटते. त्यातच रंगीत लेपाचा थर बसला की खालचा रंग कुणालाच दिसत नाही.

भाची : पाक उडाला तेव्हा पहिल्यांदा काय केलंत?

मामा : पाक चिकटलेला, तो फडक्यानं पुसून काढला. हळद दाबली. पाणी न्हाई लावू दिलं. पाणी लावलं की फोड येतात.

भाची : फोड पाण्याने येत नाहीत. उष्णता आत शिरते, कातडीचे थर सुटतात आणि मध्ये लस भरते. पाणी लावलं नसतं तरी ते आलेच असते. मामा, गुळाचा पाक किती तापतो, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

मामा : पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त. गोळी बसायला लागली की समजायचं.

भाची : शंभर अंशांच्या वर, एकशे पंधरा-अठरापर्यंत. शिवाय तो चिकटून बसतो आणि चिकटलेला असेपर्यंत भाजतच राहतो. फडक्याने पुसला तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही गेली. पाण्याने पाक विरघळला असता आणि थंडही झाला असता. गुऱ्हाळावर बोअरचा पाइप होताच की. वीस मिनिटं वाहतं पाणी, बास. बर्फ नको, बर्फाने रक्त आटतं आणि जखम आणखी खोल जाते. टूथपेस्ट, शाई, दही, बटाट्याचा कीस, यांतलं काहीही नको.

मामा : वीस मिनिटं? तोवर इंदापूरचा दवाखाना गाठला असता.

भाची : आधी पाणी, मग इंदापूर. उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. लहान मूल असेल तर चेहऱ्यावर पाणी सोडायचं आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवायचं, नाहीतर ते गारठतं. नथ, कानातलं, गळ्यातलं लगेच काढायचं. तासाभराने सूज आली की ते निघत नाही, कापावं लागतं.

माझ्या मते या सगळ्या संवादातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वीस मिनिटं आहेत. पुढे कितीही मोठा शल्यचिकित्सक भेटला तरी पहिल्या तासात जळून गेलेला थर त्याला परत आणता येत नाही. आणि या उपचाराला पैसे लागत नाहीत, डिग्री लागत नाही, गाडीही लागत नाही.

मामा : बरं, पाण्याचं मानलं. पर दवाखान्याचं भ्या उगाच न्हाई. आमच्यातला एक जण स्टोव्हच्या भडक्यात सापडला व्हता. बोलत-चालत गाडीत बसला. तिथं गेल्यावर नळी घातली, मशीनला लावला आन् तिसऱ्या दिवशी मेला. बोलता माणूस त्यांनी गप केला.

भाची : त्याचा आवाज बसला होता का?

मामा : घोगरा झाला व्हता. थुंकी काळी पडत व्हती.

भाची : मग त्याच्या श्वासनळीत गरम धूर गेला होता. नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, घोगरा आवाज, बंद खोलीतली आग, ही त्याची लक्षणं. अशा माणसाचा घसा पुढच्या काही तासांत आतून सुजतो. सूज पूर्ण आल्यावर नळी जातच नाही, म्हणून तो बोलत असतानाच घालावी लागते. घरच्यांना वाटतं, बोलता माणूस बंद केला. खरं तर त्याचा घसा बंद होणार होता.

मामा : हे कुणी आम्हाला सांगितलं का त्या वक्ताला?

भाची : नसेल सांगितलं. सांगायला हवं होतं.

या एका वाक्यावर दोघांचं एकमत झालं आणि माझंही आहे. चेहरा भाजलेल्या माणसाच्या नातेवाइकांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली ही नळीची. दुसरी सुजेची. सूज एक-दोन दिवस वाढतच जाते, चेहरा ओळखू येत नाही, डोळे पूर्ण मिटतात. घरचे म्हणतात, आंधळा झाला. बहुतेक वेळा तसं नसतं, तीन-चार दिवसांत पापण्या उघडतात. मात्र डोळा सुजून मिटण्याआधीच डॉक्टरने तो तपासायला हवा, बुबुळावर रंगाचा थेंब टाकून इजा शोधायला हवी. पहिल्या काही तासांत दवाखाना गाठायचा तो यासाठीही. रुग्णाला आडवं न ठेवता उशाकडून पलंग उचलून बसतं ठेवतात. कान भाजला असेल तर मऊ उशीसुद्धा काढून घेतात, कारण कानाची कूर्चा दाबाखाली राहिली की सडते.

डोळ्याचा विषय निघालाच आहे तर चुन्याचंही इथेच सांगून टाकतो. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा नळी पोरं दाबून खेळतात आणि ती डोळ्यात फुटते. चुना हा अल्कली आहे. आम्लापेक्षा तो जास्त आत शिरतो आणि बुबुळ पांढरं करून टाकतो. पापणी उलटी करून, चुन्याचे कण काढत, भरपूर पाण्याने डोळा तिथल्या तिथे धुवायचा आणि मगच निघायचं.

मामा : तू लेपाला नावं ठेवतीस. आमच्या म्हाताऱ्या मध लावायच्या. ते पण खोटं?

भाची : मधाचं खोटं नाही.

मामांनी इथे बरोबर जागा पकडली. आपल्या शेजारच्या सोलापुरात, वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि दवाखान्यातलं नेहमीचं चांदीयुक्त मलम यांची तुलना केली. १९९१ साली ती ब्रिटिश शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात छापून आली. तिच्यात मधाच्या जखमा लवकर निर्जंतुक झाल्या आणि लवकर भरल्या. त्याआधी १९८५ साली मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातल्या डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीचं ड्रेसिंग जगासमोर मांडलं. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून दाखवलं. महागडी ड्रेसिंग्ज परवडत नाहीत अशा देशातल्या डॉक्टरांनी स्वयंपाकघरात आणि परसात शोधलेले हे उपाय आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

मामा : मग? तुझेच डॉक्टर मध लावतात.

भाची : लावतात, पण कसं ते बघा. जखम आधी धुतली, खोली बघितली. केळीचं पान वाफेवर निर्जंतुक केलं. बटाट्याची साल गाळणीच्या कापडावर चिकटवून, वाफवून घेतली. रोज काढून जखम बघितली. कच्चा कीस थापला नाही. ही सगळी आवरणं एकच काम करतात, जखम ओलसर ठेवतात आणि काढताना कातडी ओढत नाहीत. तुमचा लेप वाळून कडक झाला आणि सोलताना नवी कातडी घेऊन निघाला.

मामा : ते खरं. काढताना पोरगं बोंबलत व्हतं.

भाची : चेहऱ्याला तर आम्ही बहुतेक पट्टी बांधतच नाही. रोज हलक्या हाताने धुवायचं, दाढी करायची, कारण दाढीच्या खुंटात खपली आणि घाण साठते. मग साधं मलम किंवा व्हॅसलिन दिवसातून चार-पाचदा. उघडंच ठेवायचं. हा उपचार महाग नाही मामा. त्याला रोज बघणारं माणूस लागतं, एवढंच.

आता ती पोऱ्याकडे वळली. त्याला म्हणाली, डोळे मीट, जोर लावू नकोस, झोप आल्यासारखे मीट. डावा डोळा मिटला. उजव्याच्या पापण्यांमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागाची बारीक रेघ उघडी राहिली. खालची पापणी डोळ्याच्या गोळ्यापासून सुटून खाली ओढली गेली होती, तिची लाल बाजू दिसत होती. गालावर पाण्याचा ओघळ वाळलेला होता, कारण अश्रू पापणीत न टिकता बाहेर पडत होते.

मामा : ते पाणी तर उन्हानं येतंय.

भाची : नाही. डोळ्याखालची भाजणूक खोल होती. तिथली कातडी भरली ती आखडून. कातडी आखडली की सर्वांत मऊ जागा तिच्याकडे ओढली जाते आणि चेहऱ्यावर पापणीइतकं मऊ काही नाही. रात्री त्याचा डोळा अर्धा उघडा राहतो. बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते, मग फूल पडतं. गाल बारा दिवसांत सुकला म्हणून तुम्ही उपचार संपवला. पापणीचा त्रास त्यानंतर सुरू झाला.

लेखाचं कारण हेच. भाजल्यावरची जखम बंद होते त्या दिवशी घरचे नारळ फोडतात, पण व्रणाचं आयुष्य त्या दिवशी सुरू होतं. पुढचे सहा महिने तो लाल होतो, उंच होतो, खाजतो आणि आखडतो. शांत व्हायला वर्ष ते दोन वर्षं लागतात. ओठांच्या कोपऱ्यात व्रण असेल तर तोंड लहान होत जातं, घास मावेना होतो, दात घासता येत नाहीत. मानेवर असेल तर हनुवटी छातीकडे खेचली जाते. तेव्हा उशी न घेता मान मागे टाकून झोपावं लागतं, रोज तोंड पूर्ण उघडून बोटं रचून मापावं लागतं, तेल लावून व्रण चोळावा लागतो, सिलिकॉनची पट्टी आणि गरज पडली तर दाब देणारा मुखवटा वापरावा लागतो.

मामा : मुखवटा? किती येळ?

भाची : दिवसाचे तेवीस तास. वर्षभर, कधी जास्त.

मामा : कळंबच्या वैशाखात? तू घालशील का? पोराला तोडणीला जायचंय. दर वारीला पुण्याला गेलं की रोज बुडतो, संगं जाणाऱ्याचा बी बुडतो. फुले योजनेत आपरेशन होईल गं, पर रोजंदारी कोण देतं? त्यापरीस गालाला डाग राहू दे. गडीमाणसाला काय, चार दिस बघत्यात लोक, मग सवय हुते.

भाची काही वेळ बोलली नाही. मामांचं हे म्हणणं खोडायला माझ्याकडेही काही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांवरचे उपचार येतात, १०८ला फोन केला तर गाडी येते, पण दोन वर्षांच्या फेऱ्यांची मजुरी कुणी भरत नाही. मुखवटा ज्यांना सांगितला ते सगळे तो घालत नाहीत, हे जळीत विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. भाचीने पुढे जे केलं ते मला योग्य वाटलं. तिने मागण्या कमी केल्या.

भाची : बरं, मुखवटा राहू दे. गालाला रात्री खोबरेल चोळा, दिवसा उपरणं बांधून उन्हापासून जपा, नवी कातडी उन्हाने काळी पडते. डागाचं वर्षानंतर बघू. पण पापणी हा डाग नाही. तिच्यावाचून डोळा राहत नाही.

मामा : पापणी काय नवी बसवणार?

भाची : आखडलेला व्रण सोडवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागी कानामागची कातडी लावायची. तिचा रंग चेहऱ्याशी जुळतो आणि ती फारशी आखडत नाही.

मामा : एका जागंची कातडी दुसऱ्या जागी. हे साहेबाचं शास्त्र.

हे मात्र साहेबाचं शास्त्र नव्हे, आणि भाचीने त्यांना ते सांगितलंही. कावसजी नावाचा मराठी बैलगाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने १७९३च्या सुमारास त्याचं नाक पुन्हा केलं. मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून पाहिला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांमधली एक पट्टी कापली नाही, कारण तिच्यातून रक्त चालू राहतं. इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं, १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याचं वर्णन आणि चित्र छापलं गेलं, आणि १८१४ साली कार्प्यू नावाच्या शल्यचिकित्सकाने लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी सैनिकांचे फाटलेले आणि जळालेले चेहरे दुरुस्त करता करता ही विद्या पुष्कळ पुढे नेली. त्याच गिलीज यांच्याकडे शिकून आलेले डॉ. नोशिर अँटिया मुंबईत जे. जे. रुग्णालयात काम करू लागले आणि पुण्याच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांची बसलेली नाकं, न मिटणाऱ्या पापण्या आणि वाकडी बोटं दुरुस्त करू लागले. त्या रुग्णांचा आजार औषधाने थांबला होता, पण चेहरा पाहून गाव त्यांना आत घेत नव्हतं.

मामा : कुंभारानं केलं म्हंतीस? पुण्याच्या?

भाची : पुण्याजवळच्या. आणि गावाचं म्हणाल तर तेही उपचारातच मोजतात. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या आगीत तोंड जळालेल्या वैमानिकांवर इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिन्स्टेड गावात मॅकिंडो नावाचे डॉक्टर शस्त्रक्रिया करत. एकेका चेहऱ्यावर कितीतरी शस्त्रक्रिया व्हायच्या. मधल्या काळात त्या पोरांना ते गावात पाठवायचे. गावकऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, टक लावून बघू नका, तोंडही फिरवू नका, घरी जेवायला बोलवा. गावाने ते केलं.

मामा : आपल्याकडं पोरगी असती तर पदराआड कोंडली असती. गड्याचं निभतं.

भाची : निभतं कुठे? आता बँकेचं खातं काढायला मोबाइलसमोर डोळे मिचकवायला सांगतात. ज्याची पापणी मिटत नाही त्याने काय करायचं? ॲसिडने डोळे गेलेल्या बायका त्यासाठी सुप्रीम कोर्टात गेल्या. एप्रिल २०२५मध्ये कोर्टाने सांगितलं की ओळख पटवायला दुसरा मार्ग द्यावाच लागेल. आणि ॲसिड हल्ल्यातल्या माणसाला तर सरकारी असो की खासगी, कुठलाही दवाखाना फुकट उपचार नाकारू शकत नाही, तसा कायदाच आहे. पोलिसांचा कागद आण, मग बघतो, असं म्हणता येत नाही.

मामा पोऱ्याच्या डोळ्याकडे पुन्हा बघत राहिले. मग हिशेबाला लागले, कारण हंगाम अजून दोन महिने होता.

मामा : हंगाम सरल्यावर नेला तर?

भाची : गालाचं थांबेल, पापणीचं थांबणार नाही. तोवर रात्री डोळ्यात मलम घाला आणि पापणी कागदी टेपने मिटवून ठेवा. डोळा लाल झाला, अंधुक दिसायला लागलं किंवा उजेड सहन होईनासा झाला तर त्याच दिवशी निघायचं, माझ्या फोनचीही वाट बघायची नाही.

मामा : आन् बारामतीला हुईल का हे? पुण्याला न्ह्यायचं म्हंजे दोन रोज जातात.

भाची : आधी बारामतीला सरकारी मेडिकल कॉलेजात डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवू. बुबुळ किती सुकलंय ते तिथे कळेल. कातडी लावायचं काम पुण्यात ससूनला. मी तारीख घेते.

मामा : मंगळवारी न्हेतो. बाजाराचा दिस सोडून. पर मी आत येणार हाय, बाहेर बसायचा न्हाई. कानामागची कातडी काढल्यावर कान कसा भरतो ते मला त्या डॉक्टरला इचारायचंय, आन् मध कधी लावायचा तेबी.